दारापुरतं इंग्रजी

मला इंग्रजी येतं, पण दारापुरतंच.

एका मोठ्या हॉटेलच्या दारात उभं राहण्यात माझी सगळी नोकरी गेली. गाडी थांबली की तिचं दार उघडायचं, उतरणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून छपराच्या कडेला हात धरायचा, माणूस सरळ उभा राहिला की त्याच्याकडे बघून एक वाक्य बोलायचं, मग हॉटेलचं काचेचं दार ओढून धरायचं आणि बाजूला व्हायचं. त्यापुढचं काम आतल्या लोकांचं.

आमच्याकडे एक नियम होता. एका पाहुण्याला एका दिवसात तेच वाक्य दोनदा बोलायचं नाही. ट्रेनिंगच्या मॅडमनी तो काढला होता. त्या म्हणायच्या, सकाळी फिरायला गेलेला माणूस परत आला आणि तुम्ही पुन्हा तेच 'वेलकम सर' म्हणालात, तर त्याला वाटतं दारात माणूस नाही, दाबली की वाजणारी घंटी आहे. म्हणून त्यांनी आमच्याकडून वाक्यांचा ढीग पाठ करून घेतला. नुसता पाठ नाही, कोणतं कोणाला म्हणायचं तेही शिकवलं. 'मेक युवरसेल्फ ॲट होम', म्हणजे घरच्यासारखे राहा, हे कोणालाही चालतं. 'लाँग टाइम नो सी', बऱ्याच दिवसांनी दिसलात, हे ओळखीच्यालाच. 'द मोअर द मेरिअर', जितके जास्त तितकी मजा, हे मोठं कुटुंब गाडीतून उतरता उतरत नसेल आणि बापाला ओशाळल्यासारखं झालं असेल तेव्हा. सगळ्यात जड गेलं ते 'अ साइट फॉर सोअर आइज'. दुखणाऱ्या डोळ्यांना बरं वाटावं असं कोणी दिसलं, असा त्याचा अर्थ. मॅडमनी बजावलं होतं की हे जपून वापरा, आणि बाईमाणसाला म्हणायचं असेल तर आधी तिचा नवरा कुठं आहे ते बघा.

घरी येऊन मी ही वाक्यं हिच्यासमोर घोकायचो. ही म्हणजे माझी बायको. आयुष्यभर तिला मी नावानं हाक मारली नाही, आता लिहिताना ते जमायचं नाही.

"डोळ्यांचं ते काय मघाचं?" ती विचारायची. "डोळ्यात औषध घातल्यासारखं वाटतं म्हणे माणूस बघून?"

"तसंच काहीसं."

"मग मला नाही कधी म्हणालात ते."

"तुझ्यामुळेच तर दुखायला लागलेत."

"दुखू देत. झाकून घ्या आणि भांडी पुसा."

हिला शाळा फारशी मिळाली नव्हती, पण कान तयार होता. मी घोकून घोकून थकायचो तोवर हिची वाक्यं पाठ झालेली असायची, तीही माझ्यापेक्षा बऱ्या उच्चारात. पण माझ्यासारखीच तीही तिथवरच. पाहुणा दारात आला की त्याच्याशी बोलता यायचं, तो आत आला की आमचं इंग्रजी संपायचं. हॉटेलात एकदा एका म्हाताऱ्या साहेबांना माझं वाक्य इतकं आवडलं की ते माझ्याशी गप्पाच मारायला लागले. मी मान हलवत राहिलो. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघायला लागले, तेव्हा मी 'मेक युवरसेल्फ ॲट होम' म्हणालो. नंतर बॅगा उचलणारा आमचा दोस्त हसून हसून खाली बसला. म्हणाला, "अरे, ते औषधाचं दुकान कुठंय विचारत होते. छातीत कळ येत होती त्यांच्या."

मुलगा शिकून परदेशी गेला, तिथंच लग्न केलं. सूनबाई तिकडची. नात तिकडचीच. कडेवर घेण्याइतकी होती तेव्हा एकदा इकडे आणली होती, त्यानंतर भेट ती फोनवरच. हिनं तिचं नाव ठिणगी ठेवलं, कारण फोनवर ती एका जागी थांबायचीच नाही. इकडून तिकडे उडायची.

ठिणगीला मराठी येत नाही. आजी हा एक शब्द येतो. त्यामुळे पहिल्यांदा आम्हाला वाटलं, ही काय बोलणार नातीशी. पण हिनं माझी वाक्यं काढली. फोन लागला की ही म्हणायची, 'लुक हू इज हिअर', बघा तर कोण आलंय, आणि पटकन खाली बसायची. तिकडे पडद्यावर नुसती भिंत दिसायची. ठिणगी ओरडायला लागायची, आपला फोन वरखाली करायची, जणू तसं केलं की तिला इकडचं खाली दिसेल. मग ही भलतीकडूनच वर यायची. पुढेपुढे ही दाराआड लपायला लागली, कपाटामागे लपायला लागली. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर कण्हायची आणि फोन आला की टेबलाखाली शिरायची. त्यानंतर ही मराठीत बोलायची, ठिणगी इंग्रजीत, आणि दोघींचं भागायचं. मी शेजारी बसलेला असायचो. तिकडून दिसायचं ते माझं कोपर.

हिला ताप आला, मग श्वास लागायला लागला. दवाखान्यात नेली ती परत आली नाही.

मुलगा एकटाच धावत आला, सगळं आटोपून तसाच परत गेला. ठिणगीला काही सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं की आजीचा फोन बिघडलाय. मग आजी बाहेरगावी गेलीय. मी मुलाला म्हणालो, असं किती दिवस चालवणार?

"फोनवर कसं सांगू बाबा? आम्ही सगळेच येतो. ती घर बघेल, तुम्ही असाल. नीट बसून सांगू."

निघायच्या आदल्या दिवशी फोन आला. "अजून नाही सांगितलं. विमानात सांगतो. पण तुम्ही आपणहून काही बोलू नका हां."

"मला बोलता कुठं येतंय?"

"तेही आहे," मुलगा म्हणाला.

महिनाभर राहणार होते ते. मी घर धुऊन काढलं. पलंग ओढला, उशा उन्हात टाकल्या. स्वयंपाकाचं मला जमणार नव्हतं, म्हणून शेजारच्या शिवणवाल्या ताई सकाळीच आल्या. कपडे शिवतात, हिच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पायात नका येऊ. खाली जाऊन उभे राहा. तुम्हाला सवय आहे."

मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मनाशी ठरवलं होतं की इंग्रजीच्या भानगडीत पडायचं नाही. 'ये बाळा' म्हणायचं आणि हात धरायचा. विमानात तिला कळलेलं असणार, रडून रडून चेहरा सुजलेला असणार. त्या चेहऱ्यासाठी माझ्याकडे वाक्य नव्हतंच.

टॅक्सी आली. ती थांबायच्या आत माझा हात दाराच्या कडीवर होता. दार उघडलं, दुसरा हात छपराला लावला. आणि ती उतरली. चेहरा सुजलेला नव्हता. प्रवासानं चुरगळलेली, पण हसणारी, फोनमधली तीच. आमच्या कामात चेहरा दिसला की वाक्य आपोआप येतं, विचार करायला वेळच नसतो. हा चेहरा मी एकाच वाक्याबरोबर बघत आलो होतो.

"लुक हू इज हिअर," मी म्हणालो. मॅडमनी शिकवलं तसं, सरळ उभं राहून, हसून.

ठिणगीनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं, जिन्याकडे. तिचे डोळे मोठे झाले. आईला काहीतरी एकच शब्द बोलली आणि धावत सुटली.

सूनबाईंचा हात तोंडावर गेला. मुलगा बॅग हातात धरून तसाच उभा.

"बाबा," तो म्हणाला.

"विमानात सांगितलं ना तिला?"

त्यानं मान हलवली. नाही.

आम्ही जिना चढलो तेव्हा ती घरात शिरलेली होती. दार मीच उघडं टाकलं होतं. ती दाराच्या मागे बघत होती. तिथून पलंगाखाली वाकली. मग कपाटाकडे गेली, दार उघडून हिचे कपडे दोन्ही हातांनी बाजूला सारले, आत डोकं घातलं. ते कपाट मला आवरायला जमलं नव्हतं. मुलगा तिला इंग्रजीत काहीतरी म्हणाला, पण इतकं हळू की तिनं ऐकू नये असंच त्याला वाटत असावं. तिनं वळून आमच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा. सांगू नका, मीच शोधणार.

आम्ही तिघं मोठी माणसं भिंतीला टेकून उभे, आणि तिघंही खरोखर गप्प राहिलो.

टेबलाखाली बघून झालं. पडदा हलवून झाला. घर ते केवढं. मग स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

ताई नळाखाली भाजी धूत होत्या. नळ सोडलेला, त्यामुळे त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. दाराकडे पाठ होती. ठिणगीनं आजीला फोनवर कधी पाठमोरी बघितली नव्हती. त्या घरात, त्या ओट्याशी, पाठमोरी उभी असलेली बाई दुसरी कोण असणार? ती चवड्यांवर गेली आणि तिनं मागून ताईंच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

ताई दचकून वळल्या.

ठिणगी वर बघून हसत होती. ओळख पटली नाही तरी ती लगेच हसायची थांबली नाही. बाजूनं वाकून ताईंच्या मागे बघितलं, तिथं कोणी आहे का म्हणून. ओटा होता.

"अगं माझी बाई," ताई म्हणाल्या, "डोळे बघा हो, अगदी आजीचे." आणि ओल्या हातांनी तिला छातीशी धरून रडायला लागल्या. त्यांचीही चूक नाही. त्यांना कोण सांगणार होतं की पोरीला माहीत नाही? मला ते सुचलं नव्हतं.

ठिणगी त्यांच्या हातातून सुटून मागे सरली. फ्रॉकवर पाण्याचे पंजे उमटले होते. तिनं ताईंकडे बघितलं, मग एकेकाकडे. मग जे विचारलं ते मलाही समजलं.

"व्हेअर इज आजी?"

मुलगा तिकडे मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवसभर माणसांशी बोलायचीच त्याची नोकरी. तो खिडकीकडे बघायला लागला. शेवटी सूनबाई खाली फरशीवर बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. फार बोलल्या नाहीत. मला शब्द कळले नाहीत, पण कोणत्या शब्दाला सांगून झालं ते पोरीच्या चेहऱ्यावरून कळलं. ताईंनी नळ बंद केला.

ती रडली नाही. हात सोडवून घेतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी विचारलं. बरंच लांब होतं ते, मधे आजी हा शब्द होता.

"काय म्हणते?" मी मुलाला विचारलं.

"जाऊ द्या बाबा."

"अरे सांग."

"विचारते, आजी नाहीये तर तुम्ही आजीचं वाक्य का म्हणालात."

"तिला सांग, ते माझंच वाक्य आहे. हॉटेलातलं. तिच्या आजीनं माझ्याकडून घेतलं होतं."

मुलानं माझ्याकडे बघितलं. "हे सांगू तिला?"

"नको," मी म्हणालो.

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग वळली, दारातून बाहेर गेली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली.

आधी सूनबाई तिच्याकडे गेल्या, परत आल्या. मग मुलगा गेला, तोही परत आला. ताईंनी ताट वाढून बाहेर नेलं, ते तसंच परत आलं. मुलगा कपाळ चोळत खुर्चीवर बसला.

"आत यायला तयार नाही. म्हणते, इथले सगळे खोटं बोलतात."

"आपण बोललोच की," मी म्हणालो.

तो सूनबाईंशी हलक्या आवाजात बोलला. मग मला म्हणाला, "बाबा, आम्ही आजचा दिवस हॉटेलात उतरू का? थकलीय पण ती. उद्या बघू. नाहीच ऐकलं, तर परतीचं तिकीट अलीकडचं करून घेऊ. पुढच्या वर्षी येऊ पुन्हा."

तो वाईट मुलगा नाही. त्याला खरंच काही सुचत नव्हतं. पण मला कळून चुकलं की ती आज आत आली नाही तर पुढच्या वर्षीही येणार नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती मोठी होईल, तिला आम्ही लागणारच नाही. आम्ही म्हणजे मी. हॉटेलात मात्र दारात कोणीतरी असेल, आणि तिला बघून त्याच्या तोंडून योग्य ते वाक्य निघेल.

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही काय बोलणार तिच्याशी?"

"जाऊ दे रे त्यांना," ताई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही जा. आख्खा जन्म गेला तुमचा माणसांना आत घेण्यात."

"त्यांना यायचंच असायचं ताई," मी म्हणालो आणि बाहेर गेलो.

ती गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. मी तिच्या बाजूला उभा राहिलो. उभा राहिलो की माझे हात आपोआप मागे जातात, पाठ ताठ होते. दार उघडंच होतं, तरी मी ते थोडं ओढून धरलं.

"प्लीज कम इन," मी म्हणालो.

तिनं मान हलवली.

'मेक युवरसेल्फ ॲट होम' ओठांवर आलं होतं. पायरीवर बसलेल्या पोरीला घरच्यासारखं राहा म्हणणं मला बरं दिसेना. मनातल्या मनात एकेक वाक्य काढून बघितलं. सगळीच हसून म्हणायची होती. न हसता म्हणायचं एकही मॅडमनी शिकवलं नव्हतं. तसा पाहुणा हॉटेलात येत नसेल, किंवा येत असेल आणि आम्ही त्यालाही हसूनच काहीतरी म्हणत असू.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन चढत आले. ठिणगी भिंतीकडे सरकली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आले का पाहुणे?" मी हो म्हणालो. ते वर गेले. ती पुन्हा मधे सरकली नाही. शेजारची जागा रिकामी राहिली. ती माझ्यासाठी होती का, मला माहीत नाही. दार सोडून मी तिथं बसलो. बसताना गुडघे वाजले, तिनं त्यांच्याकडे बघितलं.

मग तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. चालीवरून ओळखला, आणि मधला आजी शब्द.

मुलाला हाक मारता आली असती. पण तो आला असता तर पुन्हा 'जाऊ द्या बाबा' म्हणाला असता. म्हणून मी मराठीतच सांगायला लागलो.

सांगितलं की आजीला आधी नुसता ताप होता. दमले असेन म्हणाली. दवाखान्यात जाताना चार्जर घ्या म्हणाली, कारण तुझा फोन यायचा होता. दवाखान्यापाशी गाडी थांबली. मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं, छपराला हात लावला. तिला श्वास पुरत नव्हता तरी ती हसली. म्हणाली, आज मला काही म्हणणार नाही का? मला काही सुचलं नाही. इतकी वाक्यं येतात मला, एकही आलं नाही. मग आतले लोक चाकांची खुर्ची घेऊन आले, तिला बसवली, आत नेली. मी दार धरून बाजूला उभा राहिलो. आतलं काम त्यांचं, असं मला वाटलं. थोड्या वेळानं त्यांनी मला आत बोलावलं, तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. आणि आज तू गाडीतून उतरलीस, तर मागे कोणी नाही हे माझ्या लक्षातच राहिलं नाही बाळा. वाटलं, मी दार उघडलंय, पुढचं ती बघेल.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलालासुद्धा नाही. ठिणगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मधे आजी शब्द आला की तिची नजर थोडी हलायची, एवढंच. माझं बोलणं संपलं तसं तिनं आणखी काही येतंय का म्हणून वाट बघितली.

आतून मुलाचा आवाज येत होता. तो फोनवर कुठल्यातरी हॉटेलला खोली आहे का विचारत होता.

ठिणगीनं माझी बाही ओढली आणि तोच प्रश्न परत विचारला, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे तरी मला कळेल म्हणून.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.